दाढबाई, तुम्ही सरकारी की खासगी?

श्रीमती दाढबाई, क्रमांक 36,
खालचा जबडा, डावी बाजू, यांसी
सा. न. वि. वि.

आपल्याला क्रमांक आहे हे आपल्यालाही ठाऊक नसेल. दंतवैद्य तोंडाचे चार भाग पाडतात आणि प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर देतात. त्या हिशेबात खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ म्हणजे 36. मालकांना हा नंबर कळला तो केस पेपरवर. तोवर त्यांच्या लेखी आपण नुसत्या ‘डावीकडची ती’ होतात. थंड पाण्याला झिणझिण्या आणून आपण कित्येक महिने इशारे दिलेत. मालकांनी चावणं उजवीकडे हलवलं आणि प्रकरण मिटवलं. मग एका रात्री दोन वाजता आपण ठणकलात. घरभर लवंगेचं तेल शोधलं गेलं. (यात हसण्यासारखं काही नाही. लवंगेतलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दंतवैद्यही तात्पुरतं सिमेंट भरतात. आजीच्या फडताळात निम्मा दवाखाना होता.)

सकाळी घरात बैठक बसली. विषय एकच: आपल्याला सरकारीत न्यायचं की खासगीत?

मेहुण्यांचं मत पक्कं होतं. सरकारीत शिकाऊ पोरं असतात, ती हात साफ करून घेतात. शेजारच्या काकूंचंही मत तितकंच पक्कं. खासगीत नुसतं तोंड उघडलं की कॅप गळ्यात मारतात. दोघांपैकी कोणीही गेल्या दहा वर्षांत दंतवैद्याची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे चर्चा रंगली.

मालक डोंबिवलीकर. तिथे दवाखाना शोधायला लागत नाही, चुकवायला लागतो. देशात दंत महाविद्यालयं तीनशेच्या वर, त्यातली बहुतेक खासगी. चार वर्षांचं बीडीएस, वर भर एका वर्षाची इंटर्नशिप, लाखांनी फी. बाहेर पडलेल्या मुलामुलींना सरकारी जागा मोजक्याच, म्हणून प्रत्येकाची धाव शहरातल्या गाळ्याकडे. पहिल्या दवाखान्यात छोटा कॅमेरा आपल्याजवळ नेऊन मालकांना आपलं दर्शन भिंतीवरच्या टीव्हीवर घडवलं गेलं. एवढा मोठा खड्डा मालकांनी कल्याण-शीळ रस्त्यावरच पाहिला होता. रूट कॅनालचे इतके हजार, वर कॅपचे इतके हजार. धातूवर सिरॅमिकची स्वस्त, झिरकोनियाची महाग, आणि झिरकोनियासोबत पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड. मालकांना रक्तदाब आहे, साखर काठावर आहे. घरात वॉरंटी असलेल्या आपण एकट्याच ठरणार होतात.

आता यावर ‘लुटारू’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रेचा सेन्सर, गाळ्याचं भाडं, लॅबचं बिल आणि शिक्षणाचं कर्ज, हे सगळं त्या तासाभरातून निघायचं असतं. त्या तरुण डॉक्टरमागे ना सरकार उभं, ना विमा कंपनी. उभे फक्त मालक, तेही पाकीट चाचपत.

विम्याचं नाव निघालंच आहे तर ऐका. मालक दरवर्षी आरोग्य विम्याचा हप्ता इमानेइतबारे भरतात. मात्र बहुतेक पॉलिसींच्या मते आपण शरीराचा भाग नाही. आपण किडलात तर एक पैसा नाही. रिक्षाने धडक देऊन आपल्याला पाडलं आणि मालक दवाखान्यात भरती झाले, तर बघू. आयुष्मान भारत घ्या, राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना घ्या, दोन्ही मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. आपला उपचार खुर्चीतला, त्यामुळे खुर्ची आणि खाट यांच्या मधल्या फटीत आपण बरोबर पडता.

उरलं सरकारी. मालकांचं ऑफिस फोर्टात. रोज ते सीएसएमटीला उतरतात. त्याच स्टेशनाच्या पूर्वेला, पी. डिमेलो रोडवर, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, 1945 साली सुरू झालेलं. मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय त्याहून जुनं, 1933 चं. म्हणजे 1948 साली देशात दंतवैद्यांचा कायदा झाला त्याआधीपासून ही दोन्ही दारं उघडी आहेत. फलाटावरून चालत जाता येईल इतक्या जवळ एक दार असल्याचा शोध मालकांना ठणक्याने लावून दिला.

तिथला रिवाज असा. सकाळी रांगेत केस पेपर. मग ओरल मेडिसिन, म्हणजे निदान. मग एक्स-रे. मग ‘कॉन्झर्व्हेटिव्हला जा’, म्हणजे दात वाचवायच्या विभागात. तिथे गेलं की पुढची तारीख. एका रूट कॅनालला चार-पाच खेपा सहज होतात, कॅपचा नंबर त्याच्याही पुढे. पैसे नाममात्र, वेळ मात्र रोख मोजून घेतात. मालकांची किरकोळ रजा खर्ची पडते. बाकावर शेजारी बसलेल्या नाक्यावरच्या मजुराची मात्र दिवसाची हजेरी जाते, आणि त्या हजेरीचा आकडा केस पेपरच्या पावतीवर कधी छापलेला नसतो. जो उपचार फुकटात जमा धरला जातो, तो त्याला प्रत्येक खेपेला एक दिवसाच्या मजुरीला पडतो.

पावतीची आणखी एक गंमत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पण शासकीय दंत महाविद्यालय पडलं वैद्यकीय शिक्षण विभागाचं आणि नायर महापालिकेचं. तेव्हा दाढबाई, कुठे ठणकायचं हे ठरवताना आधी खातं कोणतं ते पाहावं.

आणि ती ‘शिकाऊ पोरं’? दाढेचं रूट कॅनाल बहुधा एमडीएस करणाऱ्याच्या हाती जातं, जो आधीच बीडीएस झालेला असतो. मालकांच्या वाट्याला आलेल्या मुलीने आपल्याभोवती रबर डॅम ताणला. निळ्या रबरी पडद्यातून फक्त आपण वर, बाकी तोंड झाकलेलं. आपल्याला मुळं दोन, त्यांत कॅनाल बहुतेकदा तीन, कधी चौथाही दडलेला. तिने दहा नंबरची फाइल, म्हणजे कॅनाल साफ करायची बारीक सुई, आत सोडली. त्या फाइलचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं. लांबी मोजणाऱ्या यंत्राची पीप-पीप ऐकली, एक्स-रे काढला आणि हात थांबवला. सर आले. फिल्म उजेडाकडे धरली. ‘पुढच्या मुळातला अर्धा मिलिमीटर कमी आहे. परत घे.’ तिने परत घेतलं. सर पुन्हा आले, मगच सही झाली. मालकांचा जबडा आंबला, पण अर्धा मिलिमीटर सुटला नाही.

मेहुण्यांचा हिशेब इथे उलटा पडतो. शिकणाऱ्याच्या पाठीमागे तपासणारा उभा असतो. गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टरच परीक्षार्थी आणि डॉक्टरच परीक्षक. चांगला खासगी एंडोडोन्टिस्ट, म्हणजे रूट कॅनालतज्ज्ञ, हेच काम मायक्रोस्कोपखाली एका-दोन बैठकांत सुबक करून देतो, यात वाद नाही. तो चांगला आहे की नाही, हे तपासायला मालकांपाशी साधन काय? वेटिंग रूममधला मासे पोहणारा टँक. त्यापेक्षा अवजारांचं सीलबंद पाऊच आपल्यासमोर फाडतात का आणि त्यावरच्या खुणेचा रंग ऑटोक्लेव्हमध्ये बदललेला आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. तेही दोन्हीकडे.

विलायतेत बरं असतं, असं आपल्या कानावर आलं असेल. मालकांचा लंडनचा भाचा दर डिसेंबरला पुण्यात येतो, लग्नं उरकतो आणि दात करून घेतो. ज्या मंत्र्याने तिथली मोफत आरोग्यसेवा उभी केली, त्या अन्युरिन बेव्हनने 1951 साली कवळी आणि चष्म्यांवर शुल्क लावल्याच्या निषेधार्थ राजीनामा दिला होता. कवळीसाठी सोडलेलं मंत्रिपद! इंग्लंडमध्ये सरकारी योजनेतल्या रूट कॅनालचा दर ठरलेला असतो, 2025 च्या एप्रिलमध्ये तो 75.30 पौंड झाला. दर आहे, दंतवैद्य सापडत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये एका दवाखान्याने सरकारी रुग्ण घ्यायला सुरुवात केली तेव्हा रांग एवढी लांबली की पोलिसांना यावं लागलं. भाच्याचं विमानाचं तिकीट त्या मानाने सरळ.

डोंबिवली, फोर्ट, पुणे असा हा शहरांतला मामला. मालक निदान ‘सरकारी की खासगी’ असा घोळ तरी घालू शकतात. गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय तीनशेहून जास्त किलोमीटरवर. सरकारी निकषांनुसार दंतवैद्याची जागा सुरू होते ग्रामीण रुग्णालयापासून. प्राथमिक आरोग्य केंद्रात आपल्यासाठी मिळते ती वेदनाशामक गोळी. तिथल्या दाढांपुढे निवड अशी असते: सोसा किंवा उपटून टाका. उपटणं स्वस्त, एका खेपेत होणारं. ज्या घरांत अजून तंबाखूची मिश्री लावतात, तिथे तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याकडे वेळेवर पाहणारं कोणी नसणं हे किडलेल्या दाढेपेक्षा कितीतरी महाग पडतं. कर्करोग झाल्यावर मात्र योजना धावून येते, कारण तेव्हा खाट लागते.

असो. आपली पुढची तारीख मंगळवारची आहे. तोवर चिक्की नको.

कळावे, लोभ असावा.

ता. क. मालकांच्या मुलीला सहावं लागलंय आणि तिची 36 हिरडीतून वर येतेय. पहिली कायमची दाढ कुठलाही दुधाचा दात न पडता मागच्या बाजूने येते, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडेलच की’ म्हणून किडू देतात. तिच्या खाचांत सीलंट भरला तर कीड लागायची शक्यता बरीच कमी होते. सुई नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचं काम. दंत महाविद्यालयांत मुलांसाठी वेगळा विभाग असतो, तिथे हे होतं, फक्त मागून घ्यावं लागतं. मालकांनी मंगळवारच्या अर्जात अर्ध्या दिवसाची पूर्ण रजा केली आहे, शाळेला चिठ्ठी दिली आहे आणि मेहुण्यांना काही सांगितलेलं नाही.