लिंक आली, पुस्तक नाही आलं

22 फेब्रुवारी 2021च्या रात्री आठला अमरावती पुन्हा बंद झाली. अकोल्यातही कुलपं लागली. करोनाच्या दुसऱ्या लाटेची पहिली झळ वऱ्हाडालाच बसली होती. त्याच आठवड्यात 23 तारखेला गाडगेबाबांची जयंती होती, 27ला मराठी भाषा गौरव दिन. हे वाचनालयांचे हक्काचे दिवस, ते मोबाइलच्या पडद्यावर गेले.

जायलाच हवे होते. पुण्यात अडकलेल्या अकोल्याच्या पोरीला गावचं व्याख्यान घरबसल्या ऐकता येतं, ही खरी कमाई आहे आणि ती मोडू नये. पण दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, आभारप्रदर्शन हे सगळं ऑनलाइन गेलं आणि वाचनालय तेवढं कुलपात राहिलं! रोज पेपर चाळायला येणारे म्हातारे घरी बसले. एमपीएससीची पोरं एका खोलीत चौघं राहतात, अभ्यासिकेतली खुर्ची हीच त्यांची शांत जागा. त्यांना भाषण कायले पायजे होतं? बसाले जागा पायजे होती, अन् वाचाले पुस्तक.

किराणा घरपोच जात होता, औषधं जात होती. पुस्तकाची पिशवीही गेली असती. साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं आणि अख्खा मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट आहे. उद्घाटनाच्या लिंकसोबत तो पत्ता किती वाचनालयांनी सभासदांना पाठवला? अमेरिकेत अनेक वाचनालयांनी दारं बंद केली, पण वाय-फाय चालू ठेवलं. लोक आवारात गाडी उभी करून अर्ज भरत, अभ्यास करत.

आपल्या सरकारचा क्रम आठवा. 2020मध्ये हॉटेलं आणि बार 5 ऑक्टोबरला उघडले. ग्रंथालयांना परवानगी मिळाली 15 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन वाचन प्रेरणा दिनी. सात महिने वाचक बाहेर होता आणि प्यायला बसायची सोय त्याच्या दहा दिवस आधी झाली. हा राग मला अजून येतो.

ग्रंथपालांना मात्र दोष देणार नाही. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला तेव्हा वर्षाचं अनुदान होतं 30,000 रुपये, म्हणजे महिन्याला अडीच हजार. त्यात पगार, पुस्तकं, पेपर, वीजबिल. एवढ्यात गावाला ऑनलाइन आणा म्हणणाऱ्यानं आधी नेटच्या रिचार्जचे पैसे मोजावेत. मेळघाटात तर रिचार्ज करूनही भागत नाही. रेंजसाठी टेकडी चढावी लागते अशी गावं तिथे आहेत. तिथे छापील पुस्तकांची पेटीच पोचवावी लागेल.

साथ पुन्हा येईल तेव्हा समित्या बसतील, परिपत्रकं निघतील. त्याआधी दोन गोष्टी लेखी हव्यात: अनुदानात इंटरनेटच्या बिलाची वेगळी तरतूद, आणि टाळेबंदीतही पुस्तक घरपोच द्यायची परवानगी. कार्यक्रमाला पाहुणे कोण बोलवायचे, ते नंतर ठरवता येईल.