वाचायला आलोय, ओटीपी कशाला?

मंगल कार्यालयाचं भाडं किती, एवढंच पाहायचं होतं. आधी नाव भरा. मग मोबाइल नंबर. मग ओटीपी. मग गोल फिरत बसलेलं चाक. आणि शेवटी काय? ‘आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.’

भाडं कळलंच नाही. तुमचा नंबर मात्र त्यांना कळला.

हल्ली सगळ्यांनाच ‘पोर्टल’ हवंय. क्लासला, दवाखान्याला, सोसायटीला, गावच्या वाचनालयाला. साधी वेबसाइट म्हटलं की कमीपणा वाटतो. कोटेशन देणाऱ्यालाही तो वाटू द्यायचाच असतो. चार पानांचं बिल होऊन होऊन किती होणार? ‘युजर लॉगिन, ॲडमिन पॅनेल, डॅशबोर्ड’ असं लिहिलं की आकडा फुगतो. कमिटी माना डोलावते. त्या डॅशबोर्डवर रोज बघणार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

फरक समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. वेबसाइट सांगते. वेब ॲप्लिकेशन तुमच्याकडून काहीतरी घेतं, लक्षात ठेवतं आणि त्यावर पुढचं काम करतं. रेल्वेचं वेळापत्रक सगळ्यांना सारखंच, त्याला वेबसाइट पुरते. तुमचं आरक्षण फक्त तुमचं, त्याला ॲप्लिकेशन लागतं. दोन्ही एकाच पत्त्यावर नांदतात, म्हणून घोळ होतो.

पण वेळापत्रक पाहणाऱ्याला पासवर्ड विचारायचं कारण काय?

मुळात वेब जन्मलं तेच विसराळू. टिम बर्नर्स-ली यांनी ते सर्न या संशोधन संस्थेत उभं केलं, शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज वाचता यावी म्हणून. पान मागा, पान मिळेल, विषय संपला. मागणारा कोण होता, हे सर्व्हर त्याच क्षणी विसरतो. १९९१ साली जगापुढे आलेली ती पहिली साइट सर्नने जुन्या पत्त्यावर पुन्हा मांडून ठेवली आहे. आजच्या मोबाइलवर ती उघडते. ओटीपी न मागता.

स्मरणशक्ती नंतर आली. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी काढली, ती ऑनलाइन दुकानात ग्राहकाने काय काय निवडलंय ते ध्यानात राहावं यासाठी. पुढच्याच वर्षी ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत पानाला हलतं-बोलतं करणाऱ्या जावास्क्रिप्टचा पहिला अवतार लिहिला. मग २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं. पान पुन्हा लोड न होता नकाशा माउसबरोबर सरकू लागला. लोक थक्क झाले, आणि थक्क व्हावं असंच ते काम होतं.

चूक पुढे झाली. नकाशाला जे लागतं ते सूचनेलाही लागतं, असं सगळे धरून चालले.

आता पाच ओळींचा मजकूर दाखवायलाही आधी जावास्क्रिप्टचा ढीग उतरतो. मोबाइलला रेंजची एकच काडी असेल तर नुसतं पांढरं पान. बॅक दाबलं की थेट बाहेर. कुणाला लिंक पाठवली तर त्याला दिसतं होमपेज. आणि एवढ्या खटाटोपाने सांगायचं काय होतं? ‘रविवारी पाणी येणार नाही.’

दहावीचा निकाल आठवा. आसन क्रमांक आणि आईचं नाव. दोन रकाने भरले की गुण समोर. खातं नको, पासवर्ड नको. पंधरा लाखांच्या आसपास मुलं आणि त्यांचे नातेवाईक एकाच दुपारी तुटून पडतात. साइट गुदमरते तेव्हा आपण बोटं मोडतो, ते रास्तच आहे. पण त्याच दुपारी प्रत्येकाला आधी खातं उघडायला लावलं असतं तर? मुलगी निकाल बघणार आणि निघून जाणार. तिला लक्षात ठेवून त्या पानाला पुढे करायचंय काय? हे काम ज्याने कुणी दोन रकान्यांवर थांबवलं, त्याला समोरच्या माणसाची घाई कळली होती. अशी समज कोटेशनमध्ये विकत मिळत नाही.

सातबाऱ्याकडे बघा. नुसता पाहायचा असेल तर बिनसहीचा, फुकट. बँकेत किंवा सरकारी कामाला जोडायचा असेल तर डिजिटल सहीचा, पंधरा रुपये भरून. ही सहीची सोय २०१८ मध्ये आली. उतारा तोच, पण बांधावरच्या भांडणात नोंद ताडून बघणाऱ्याला खातं लागत नाही आणि कर्जाला निघालेल्याला पैसे भरल्याची नोंद लागते. आलेला माणूस कोणत्या कामाला आलाय, यावर दार ठरलं. हे एवढं जमलं की अर्धी लढाई जिंकली.

आणि ज्यांनी दारच बंद केलं, त्यांचं काय झालं?

मे २०१५. मिंत्राने वेबसाइट बंद केली. कपडे हवेत? मोबाइल ॲप उतरवा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मोबाइल साइट परत आली, जूनमध्ये संगणकावरचीही आली. मिंत्राची मालक असलेल्या फ्लिपकार्टनेही २०१५ मध्ये मोबाइल साइट गुंडाळून पाहिली, आणि वर्ष संपायच्या आत ब्राउझरमध्ये चालणारं फ्लिपकार्ट लाइट आणलं. कुर्ता घेणारा आधी दहा कुर्ते नुसते बघतो, दोन मैत्रिणींना लिंक पाठवतो, मग घेतो किंवा घेत नाही. बघणाऱ्यालाच उंबऱ्यावर अडवलं, तर घेणारा येणार कुठून?

त्यांच्याकडे भांडवल होतं, माघार परवडली. तुमच्या पतसंस्थेला परवडेल?

मग ॲप्लिकेशन नकोच का? हवंच! माणूस जिथे काही मागायला, भरायला, बदलायला येतो तिथे नुसती वेबसाइट ठेवणं हाही छळच. अर्ज डाउनलोड करा. प्रिंट काढा. पेनाने भरा. स्कॅन करा. दोनशे केबीत बसवा. ईमेल करा. आणि मग फोन करून विचारा, ‘मिळाला का हो?’

याला ऑनलाइन म्हणायचं?

राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत असते, आणि मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर अपील करता येतं. हा हक्क उभा कशावर आहे? अर्ज कोणत्या तारखेला आला आणि किती दिवस पडून राहिला, याच्या नोंदीवर. साध्या पानाला ही नोंद ठेवता येत नाही. ‘आपले सरकार’ पोर्टल अर्जाला क्रमांक देतं, म्हणून म्हातारीच्या नातवाला तालुक्याच्या चकरा न मारता विचारता येतं, आमच्या दाखल्याचं काय झालं? इथे यंत्राने लक्षात ठेवलेलं नागरिकाच्या कामी येतं. इथे ओटीपी मागा. दोनदा मागा. देऊ.

लक्षात ठेवण्याची किंमत मात्र कोटेशनमध्ये क्वचितच दिसते. डेटाबेस आला म्हणजे बॅकअप आला. लॉगिन आलं म्हणजे ‘पासवर्ड विसरलो’चे फोन आले. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकाचा धोका कोणता होता? ज्याचा अधिकार नाही, ते त्याला दिसणं किंवा करता येणं. कच्च्या ॲप्लिकेशनमध्ये पत्त्याच्या पट्टीतला अर्ज क्रमांक ४५१ चा ४५२ केला की शेजाऱ्याचं उत्पन्न समोर येतं. त्यासाठी हॅकर व्हावं लागत नाही, आठवीतलं पोरही करेल. साध्या साइटवर कुणी घुसलं तर फार तर पानं बिघडवेल. तिथे कुणाचा आधार क्रमांक पडलेलाच नसतो.

आणि आता कायदाही आलाय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमतीवर माहिती घ्यायची तर ती सांगितलेल्या कामाला लागेल तेवढीच. ती सांभाळण्यात कसूर केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. भाडं विचारणाऱ्यांचे हजारो नंबर एक्सेलच्या फाइलमध्ये साठवून ठेवणाऱ्यांनी हे वाचलंय?

टिकण्याचं बोलायचं तर तिथेही साधं पान भारी पडतं. ॲडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद केलं. मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त केला. त्यांच्या भरवशावर बांधलेली ॲप्लिकेशनं पुन्हा लिहावी लागली, नाहीतर मेली. त्याच काळातली साधी एचटीएमएल पानं कुणी हात न लावता आजही उघडतात.

एकाच ठिकाणी दोन्ही नीट नांदू शकतात, आणि ते मराठीतही झालंय. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. वाचायला खातं लागत नाही. किरकोळ दुरुस्तीलाही बहुधा लागत नाही. आपल्या संपादनांची नोंद आपल्या नावावर हवी असेल तर खातं उघडा, नको असेल तर वाचा आणि जा. एवढा मोठा ज्ञानकोश हे करू शकतो. मग तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासला फीचा तक्ता दाखवायला नोंदणी का लागते?

पुढच्या बैठकीत कोटेशन टेबलावर आलं, की पोर्टल सुचवणाऱ्याला आधी एवढंच विचारा: परत येणाऱ्या माणसाला ओळखून त्याचं नेमकं कोणतं काम सोपं होणार आहे? उत्तरात त्या माणसाऐवजी तुमच्या संस्थेचाच फायदा ऐकू आला, तर लॉगिनची ओळ खोडा. नीट उत्तर मिळालं, तर पुढचं विचारा. बॅकअप कुठे राहणार? डोमेन कुणाच्या नावावर? करार मोडला तर सभासदांची माहिती कोणत्या फाइलमध्ये, किती दिवसांत परत मिळणार? उत्तरं लेखी घ्या, खाली सही घ्या. आणि दरपत्रक, वेळा, पत्ता, सभेची सूचना ही पानं लॉगिनच्या बाहेर काढायला त्याच बैठकीत सांगा. त्या कामाला नवीन कोटेशन लागत नाही.