सहकुटुंब दक्षिणायन

न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये धाकटं पळायला लागलं आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने छताला झाडूचा दांडा ठोकायला सुरुवात केली, की मराठी कुटुंबाला दक्षिण खुणावू लागते. ही दक्षिण म्हणजे नॉर्थ कॅरोलायनापासून टेक्सासपर्यंतचा मुलूख. तिथे घराला चार बेडरूम आणि मागे अंगण असतं, शाळेला दहापैकी दहा गुण असतात, आणि एवढं सगळं न्यू जर्सीतल्या टाउनहाउसच्या भावात मिळतं, असं ऐकिवात असतं. अशा कुटुंबांनी घाईने निर्णय घेऊ नये म्हणून शास्त्रशुद्ध पद्धत खाली देत आहोत. ती काटेकोरपणे पाळल्यास दोनेक वर्षं काहीच ठरत नाही. तोवर तिथले भाव वाढतात आणि प्रश्न आपोआप मिटतो.

सुरुवात एक्सेलने करावी. उभ्या रांगेत शहरं: कॅरी, शार्लट, अल्फारेटा, फ्रिस्को, ऑस्टिनजवळचं सीडर पार्क, ह्यूस्टनजवळचं केटी. आडव्या रांगेत निकष: शाळा, घराची किंमत, कर, गुन्हे, विमानतळ, देऊळ, मराठी मंडळ. प्रत्येक निकषाला वजन द्यावं, गुणाकार करावा आणि बेरीज मारावी. मनातलं शहर पहिलं आलं नाही तर वजनं बदलावीत. ते पहिलं येईपर्यंत बदलत राहावीत. मग फाइल बायकोला पाठवावी. ती एकच रकाना वाढवते: ‘आई-बाबा आले की दिवसभर करणार काय?’ या रकान्यात बहुतेक शहरांना शून्य पडतं, कारण दुकान चालत जाण्याच्या अंतरावर नसतं आणि बस तर नसतेच. फ्रिस्को हे दोन लाख वस्तीचं गाव डॅलसच्या ‘डार्ट’ या सार्वजनिक वाहतूक सेवेचं सभासदच नाही. सकाळी मंडई, दुपारी वाचनालय आणि संध्याकाळी कट्टा अशी चाळीस वर्षं काढलेला माणूस तिथे खिडकीशी बसून शेजाऱ्याच्या गॅरेजचं दार किती वेळा उघडतं ते मोजतो. हा रकाना लपवून ठेवावा. एक्सेलमध्ये तशी सोय आहे.

राहण्यायोग्य शहरांच्या छापील याद्या जरूर बघाव्यात, पण एकाच वर्षाच्या. ‘यू. एस. न्यूज’च्या यादीत 2022 साली अलाबामातलं हंट्सव्हिल देशात पहिलं आलं. पुढच्या वर्षी पहिला मान विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या बर्फाळ गावाकडे गेला. वर्षभरात हंट्सव्हिलने काय बिघडवलं ते कुणी सांगितलं नाही. वास्तविक हंट्सव्हिल फार शहाणं गाव आहे. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटची आखणी तिथल्या नासाच्या मार्शल केंद्रात झाली, गावात इंजिनिअरांची रेलचेल आहे आणि अलाबामातला घरपट्टीचा दर देशातल्या सगळ्यात कमी दरांपैकी आहे. तरी आपली माणसं तिथे सहसा जात नाहीत. कारण लग्नात कुणी विचारलं, “मुलगा कुठे असतो?”, तर ‘अलाबामा’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न येत नाही, नुसती सहानुभूती येते. टेक्सास म्हटलं तर निदान “तिकडे काउबॉय असतात ना?” एवढी चौकशी होते.

आता शाळा. हा आपल्या श्रद्धेचा विषय, म्हणून इथे जरा थांबू. घर विकायच्या प्रत्येक जाहिरातीखाली जवळच्या शाळांना एक ते दहा असे गुण दिलेले असतात. मराठी कुटुंबात नऊ म्हणजे नापास. हे गुण बऱ्याच अंशी चाचण्यांच्या निकालांवरून ठरतात, आणि चाचण्यांचे निकाल बऱ्याच अंशी आई-बापांच्या शिक्षणावर आणि मिळकतीवर. म्हणजे दोन पदव्या घेतलेले, रोज रात्री नऊ वाजता पोराला गणिताला बसवणारे आई-बाप जिथे राहायला जातात तिथल्या शाळेचे गुण वाढतात. ते वाढलेले बघून तसलेच आणखी आई-बाप येतात. थोडक्यात, आपण पन्नास-पाऊणशे हजार डॉलर जास्त मोजून स्वतःचंच प्रगतिपुस्तक विकत घेतो. त्या शाळेतले मास्तर कसे शिकवतात, हे या खटाटोपात कुणी विचारत नाही.

गुण पाहून घर घेतलं म्हणजे ती शाळा मिळाली असंही समजू नये. टेक्सासात शाळांचे जिल्हे स्वतंत्र असतात आणि त्यांच्या हद्दी गावाच्या हद्दींशी जुळतीलच असं नाही. फ्रिस्को आयएसडी या शालेय जिल्ह्यात प्लेनो आणि मॅकिनीची काही घरं येतात, तर फ्रिस्को गावातली काही घरं प्रॉस्पर किंवा लुइसव्हिलच्या शाळांत जातात. त्यात फ्रिस्कोवाल्यांनी हायस्कुलं मुद्दाम मध्यम आकाराची ठेवली. वस्ती वाढली की नवीन हायस्कूल, नवीन हायस्कूल आलं की नवीन हद्दी. आज ज्या शाळेसाठी घर घेतलं ती उद्या समोरच्या गल्लीची होते.

नॉर्थ कॅरोलायनात वेक काउंटीची तऱ्हा निराळी. रॅली, कॅरी, एपेक्स धरून सगळ्या काउंटीचा एकच शालेय जिल्हा. त्यात काही शाळा नेहमीच्या वेळापत्रकाच्या आणि काही वर्षभर चालणाऱ्या: नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी, आणि मुलांचे चार गट पाळीपाळीने सुट्टीवर. गिरणीतल्या पाळ्यांची सवय असलेल्या आजोबांना हे लगेच कळतं; आई-बापांना पहिलं वर्ष जातं. थोरली नेहमीच्या हायस्कुलात आणि धाकटा वर्षभराच्या शाळेत असेल, तर दोघं एकदम घरी कधी असतात हे पंचांग बघून काढावं लागतं. शिवाय जवळची शाळा भरली असली तर नव्याने आलेल्या मुलाला दूरची दाखवतात. कॅरीला जुने लोक गमतीने ‘उत्तरेतून आलेल्या यांकींचा कोंडवाडा’ म्हणतात. 1960 साली चार हजारांच्या आत असलेलं हे गाव 2020 साली पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, तेव्हा कोंडवाड्यात थोडी दाटी व्हायचीच.

टेक्सासातल्या पालकांसाठी एक प्रगत धडा. 1997 च्या कायद्याने तिथल्या हायस्कुलांतल्या वरच्या मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठात ही मर्यादा वरच्या 6 टक्क्यांची होती. 2026 च्या प्रवेशांपासून ती 5 टक्के झाली. पाचशेच्या वर्गात पंचवीस. दहा गुणांच्या शाळेत ते पंचवीस म्हणजे तिसरीपासून कुमॉनच्या शिकवणीला जाणारी पंचवीस मुलं, त्यात पाच स्पेलिंग बीवाली. हिशेबी पालकाने म्हणून शाळा पाच गुणांची निवडावी. हे सगळ्यांना पटतं. तरी घर सगळे दहाच्याच शाळेजवळ घेतात.

शाळेचा पैसा कुठे जातो तेही पाहून यावं. डॅलसच्या उत्तरेला ॲलन गावाने 2012 साली सुमारे 6 कोटी डॉलर खर्चून हायस्कूलचं फुटबॉल स्टेडियम बांधलं, 18,000 आसनांचं. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि ते बंद ठेवावं लागलं. सहाशे लोकांचं नाट्यगृह गळतं म्हणून उपोषणाला बसणाऱ्या संस्कृतीतून आलेल्या माणसाला हे बघून आपल्याच घरी आल्यासारखं वाटतं.

स्वस्ताईचं गणित सोपं आहे, फक्त पूर्ण करायचं नसतं. टेक्सासात पगारावर राज्याचा आयकर नाही, हे वाक्य प्रत्येकाला पाठ असतं. घरपट्टी दोन टक्क्यांच्या आसपास जाते, हे त्याच दमात कुणी म्हणत नाही. सहा लाखांच्या घराला वर्षाला बारा हजार डॉलर झाले. नवीन वसाहतीत पाणी आणि गटारांसाठी काढलेल्या कर्जाचा ‘मड’ नावाचा कर आणखी वेगळा. कॅरीत घरपट्टी एक टक्क्याच्या आत, पण 2025 साली राज्याचा आयकर सरसकट 4.25 टक्के. टेनेसीत पगारावर कर नाही, मात्र किराण्यावर आहे. तिथे गव्हाच्या पिठाची पिशवी घेतली तरी सरकार मध्ये उभं असतं. कुठून तरी घेणारच. न्यू जर्सीहून येणाऱ्याला यातलं काहीच टोचत नाही, कारण तो दोन्ही कर भरत आलेला असतो.

टेक्सासातल्या घरमालकाने एक वार्षिक व्रत मात्र चुकवू नये. एप्रिलच्या सुमाराला काउंटी आपल्या घराची किंमत ठरवून कळवते, आणि 15 मेपर्यंत त्यावर हरकत घेता येते. मग गृहस्थ फोटो काढत हिंडतो: इथे भिंतीला चीर, तिथे गालिचा विटलेला, मागून हायवेचा आवाज. सुनावणीत तो तळमळून सांगतो, की हे घर एवढ्या किमतीचं नाही, कुणी फुकट दिलं तरी विचार करावा. शनिवारी पाहुण्यांना तोच माणूस याच दिवाणखान्यात उभा राहून सांगतो, “घेतलं तेव्हापासून दीडपट झालंय.” दोन्ही वेळा त्याचा आवाज तितकाच प्रामाणिक असतो.

ती भिंतीची चीर मात्र खरी असते. डॅलसकडची काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्याबरोबर घराचा पाया हलतो, दारं चौकटीत अडकतात. त्यावर उपाय म्हणजे तुळशीला घालावं तसं घराला पाणी घालायचं. पायाच्या कडेने, फूटभर अंतर सोडून, झिरपणारी रबरी नळी अंथरायची आणि टायमर लावायचा. ज्या माणसाने गावी आयुष्यात शेताला पाणी दिलं नाही, तो इथे चार बेडरूमच्या घराला देतो.

हवापाण्याचा रकाना एजंटाला भरायला देऊ नये. तो घरं दाखवायला मार्च-एप्रिलात नेतो, तेव्हा टेक्सासात रस्त्याच्या कडेने निळी ब्लूबॉनेटची फुलं असतात. डॅलसमध्ये 2011 साली पारा 71 दिवस शंभर फॅरनहाइटवर गेला होता. केटीच्या परिसरातल्या कित्येकांना आपलं घर पूर रोखणाऱ्या धरणाच्या पोटात आहे, हे 2017 साली हार्वे वादळाचं पाणी दिवाणखान्यात आल्यावर समजलं. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासभर वीज गेली, आणि राज्याची वीजजाळी बहुतांशी इतरांपासून वेगळी ठेवलेली असल्याने शेजाऱ्यांकडून फारशी उसनीही घेता आली नाही. अटलांटात जानेवारी 2014 मध्ये दोन-तीन इंच बर्फ पडला. तेवढ्यात लोक रात्रभर हायवेवर अडकले आणि मुलं शाळांमध्येच झोपली. बफेलोहून आलेल्या मराठी माणसाने हे बघून हसू नये. त्याला बर्फात चालवता येतं. त्याच्या पुढच्याला येत नाही.

जॉर्जियाच्या फोरसाइथ काउंटीसाठी कुठल्याच एजंटाच्या कागदावर नसलेला एक रकाना लागतो. 1912 साली तिथल्या गोऱ्यांनी हजारावर काळ्या रहिवाशांना दहशत घालून जवळजवळ एकूण एक हाकलून दिलं. त्यांच्या जमिनी गेल्या. 1987 सालीही काळ्या-गोऱ्या मोर्चेकऱ्यांवर तिथे दगड पडले. आज त्याच काउंटीच्या दक्षिण भागात आपली तेलुगू, तमिळ, मराठी मंडळी शाळेसाठी घरं घेतात. 2020 च्या जनगणनेत तिथे दर पाच-सहा माणसांमागे एक आशियाई निघाला. शाळा उत्तम आहेत. त्या कुणाच्या शेतांवर उभ्या आहेत, हा प्रश्न एक्सेलमध्ये कोणत्या वजनाने धरावा ते या मार्गदर्शिकेला सांगता येत नाही.

आता सगळ्यात निर्णायक निकष, जो एकाही यादीत सापडत नाही: हापूस. न्यू जर्सीत शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. मुलं मुंबईला उतरतात तेव्हा आंबा संपलेला असतो आणि पाऊस लागलेला असतो. जॉर्जियात शाळा मेच्या अखेरीला सुटते आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरते. टेक्सासातही मेअखेर सुटते. विमान वेळेवर असलं तर शेवटची पेटी हाती लागते. वर्षभर चालणाऱ्या शाळेत पाळी कुठली मिळते यावर सगळं नशीब. एवढ्या एका मुद्द्यावर आजी-आजोबांचं मत दक्षिणेच्या बाजूने पडतं.

निर्णय अर्थात यातल्या कशावरच होत नाही. नवऱ्याचा कॉलेजातला मित्र आधी जाऊन बसलेला असतो. तो गणपतीचा फोटो टाकतो: मागे मोठं स्वयंपाकघर, मधोमध ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर एकवीस ताटं. बायको फोटो मोठा करून बघते. ओट्यामागे खिडकी असते. शहर ठरतं. मग एक्सेल उघडून वजनं दुरुस्त करून घ्यावीत, म्हणजे मुलांना पुढे दाखवायला कागद राहतो.

राहता राहिलं मुक्कामाला पोचल्यावरचं वर्तन. सामानाची खोकी फुटायच्या आत मराठी मंडळाच्या ग्रुपवर ओळख द्यावी आणि चांगला भटजी कुठे मिळतो ते विचारावं. सहा महिन्यांनी आपलंही मत तयार झालेलं असतं: “आता पूर्वीचं राहिलं नाही हो, हे कॅलिफोर्निया-जर्सीवाले येऊन भाव चढवून ठेवतात.” हे बोलताना गाडीच्या काचेवरचा न्यू जर्सीचा टोलचा ई-झेडपास अजून निघालेला नसला तरी चालतं. एडिसनहून कुणाचा फोन आलाच तर खरं ते सांगावं: शाळा बऱ्या आहेत, कर आहे, पायाला पाणी घालावं लागतं. तरी त्याचं मन वळलं नाही आणि घरं बघायला कधी येऊ असं त्याने विचारलं, तर तारीख ऑगस्टमधली द्यावी, आणि विमान दुपारचं घ्यायला सांगावं.