रीत न दाखवणाऱ्या डेटाबेसरावांस

प्रति,
श्रीयुत डेटाबेसराव सर्जिस्फिअर,
मुक्काम शिकागोनजीक.

स. न. वि. वि.

आपली वेबसाइट बंद पडल्यामुळे हे पत्र चारचौघांत लिहावं लागतंय, रागावू नये. हृदयविकार आणि कोरोना यांच्या नात्यावर आजवर काय संशोधन झालं हे वाचायला बसलं की रुग्णालयांच्या नोंदींचा डेटाबेस बाळगल्याचं सांगणाऱ्या आपल्या सर्जिस्फिअर कंपनीचं नाव टाळताच येत नाही. २०२० च्या वसंतात लोम्बार्डीतले आणि न्यूयॉर्कमधले डॉक्टर पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन रुग्णांच्या नोंदी कशाबशा जमवत होते. आपण मात्र १ मे रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १६९ रुग्णालयांतले ८,९१० रुग्ण हजर केलेत. तीन आठवडे झाले नाहीत तोच २२ मे रोजी ‘लॅन्सेट’मध्ये सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं आणि ९६,०३२ रुग्ण! एवढ्या वेगाने तर विषाणूही पसरत नव्हता.

पहिला निबंध बीपीच्या गोळ्यांचा. विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या दारातून, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांमुळे ही दारं वाढत असतील, अशी शंका मार्चमध्ये निघाली होती. झालं, लोक गोळी हातात धरून विचारायला लागले, घेऊ की नको? हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगत होत्या की गोळ्या परस्पर थांबवू नका. अशा वेळी आपण निर्वाळा दिलात की गोळ्या निर्धोक आहेत. त्याच दिवशी त्याच नियतकालिकात लोम्बार्डी आणि न्यूयॉर्कचे दोन निबंध आले आणि त्यांचाही सूर तोच निघाला. त्यांचे रुग्ण मात्र खरे होते. पुढे ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, निम्म्यांच्या गोळ्या थांबवून पाहिल्या, काही फरक पडला नाही. म्हणजे उत्तर आपलं बरोबरच होतं, डेटाबेसराव. गणिताच्या पेपरात शेजाऱ्याचं उत्तर उतरवणाऱ्याचंही ते बरोबरच येतं. आमचे मास्तर तेवढ्यावर मार्क देत नसत, ‘रीत दाखव’ म्हणत.

दुसरा निबंध हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा, आणि इथे तर आपण जगाच्या काळजालाच हात घातलात. ईसीजीच्या कागदावर क्यू लाटेपासून टी लाट संपेपर्यंतचं अंतर मोजतात. एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. हृदयाच्या गतीचा हिशेब जमेला धरून हे अंतर अर्ध्या सेकंदापलीकडे गेलं की डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते, कारण मग ठोका कधीही बिथरू शकतो. हे औषध ते अंतर लांबवतं, हे आधीपासून माहीत होतं. भीती खरी होती, म्हणूनच आपलं फावलं. औषध घेणाऱ्यांत मृत्यूही जास्त आणि ठोक्यांचे जीवघेणे बिघाडही जास्त, असं आपण जाहीर केलंत. २५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःच्या मोठ्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. इकडे मात्र आयसीएमआरने नेमक्या २२ मे रोजीच आरोग्य कर्मचाऱ्यांनी ही गोळी प्रतिबंधक म्हणून घ्यावी, या सल्ल्याची व्याप्ती वाढवली होती. एकाच दिवशी एकाच गोळीविषयी दोन आकाशवाण्या. ज्यांना ही गोळी संधिवातासाठी रोज लागते त्यांना ती दुकानात मिळेना, पण त्यांची दखल घ्यायला कोणाकडे वेळ होता?

आपल्याला शंका विचारणाऱ्यांत आमची माणसंही होती, एवढा अभिमान मिरवू द्या. सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक शेखर मांडे आणि संख्याशास्त्रज्ञ राजीव करंदीकर यांनी एका सहकाऱ्यासह पत्र लिहून आक्षेप घेतला. जगभरच्या शंभरावर संशोधकांनी वेगळं खुलं पत्र काढलं. त्यांनी विचारलं काय, तर साध्या गोष्टी. ऑस्ट्रेलियात २१ एप्रिलपर्यंत कोरोनाने ६७ माणसं गेल्याची नोंद होती, आपल्याकडे ७३ कशी? आपण उत्तर दिलंत की आशियातलं एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात गेलं. जाऊ शकतं म्हणा, टाळेबंदीत माणसांना बंदी होती, रुग्णालयांना नव्हती. सहा खंडांतल्या रुग्णांचं वजन आणि धूम्रपानाचं प्रमाण इतकं एकसारखं कसं? कोणत्या देशातलं कोणतं रुग्णालय, हे तरी सांगाल? ते गोपनीय. त्यातच ‘गार्डियन’ने छापलं की आपल्या कंपनीत विज्ञान संपादक म्हणून नोंदलेली व्यक्ती विज्ञानकथा लिहिते. योग्य जागी योग्य माणूस, असं पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी त्रयस्थ तपासनीस आले, तर ग्राहकांशी केलेल्या करारांचं कारण सांगून दप्तर उघडायला नकार दिला गेला. ४ जूनला दोन्ही निबंध मागे घेतले गेले. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जाहीर केलं की या औषधाचा रुग्णालयात दाखल रुग्णांना काही उपयोग नाही. १,५६१ जणांना औषध, ३,१५५ जणांना नेहमीचे उपचार, सगळी वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, हिशेब उघडा. या औषधातून फारसं काही निघणार नाही हा आपला सूरही बरोबर ठरला म्हणायचा. दोनदा उत्तर बरोबर, दोन्हीदा रीत गायब. आपल्यामुळे ज्या चाचण्या मध्येच थांबल्या, त्यांच्या वाया गेलेल्या दिवसांचं बिल कुठे पाठवायचं तेवढं कळवा.

खरं सांगायचं तर माझा सगळा राग आपल्यावर नाही. निबंधावर नाव असलेल्या हार्वर्डच्या आणि झुरिकच्या नामवंत हृदयरोगतज्ज्ञांनी मूळ नोंदी पाहिल्या नव्हत्या. परीक्षकांनी मागितल्या नाहीत, संपादकांनी आग्रह धरला नाही. आमच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या खिडकीवरचा बाबू केसपेपरवर वय लिहिलेलं नसेल तर माणसाला रांगेतून परत पाठवतो. तो ‘लॅन्सेट’च्या दारात बसला असता, तर आपली डाळ शिजली नसती.

आणि मागे घेतलं म्हणजे संपलं, असंही नाही. ‘सायन्स’च्या बातमीदाराने पुढच्या जानेवारीत आपले निबंध उद्धृत करणारे २०० लेख तपासले, तर त्यांतल्या १०५ लेखांत आपला उल्लेख ते मागे घेतल्याचा पत्ताच नसल्यासारखा होता. आपण तर अजरामर आहात.

आपण मैदान सोडल्यावरही हा विषय थांबला नाही, हे आपल्या कानावर घालतो. फ्रँकफर्टमध्ये बरे झालेल्या १०० जणांचे एमआरआय काढले, ७८ जणांच्या हृदयात काही ना काही बदल दिसला, जगभर हाहाकार झाला. मग लोकांनी आकड्यांतल्या चुका दाखवल्या. लेखकांनी बसून हिशेब पुन्हा केला, दुरुस्ती छापली. पुन्हा मोजता आलं, कारण मोजायला माणसं होती! अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या २६ खेळाडूंपैकी चौघांत हृदयाच्या स्नायूला सूज सापडली, म्हणजे १५ टक्के. पुढे तेरा विद्यापीठांचे १,५९७ खेळाडू तपासले, तेव्हा प्रमाण २.३ टक्क्यांवर आलं. आकडे असे खाली उतरतात तेव्हा मथळे होत नाहीत, ही वेगळी रड.

आमच्याकडे तरुण माणसं अचानक कोसळायला लागली आणि प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लशीला आरोपी करून निकालही लागला, तेव्हा आयसीएमआरने काय केलं पाहा. १८ ते ४५ वयाच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंचा माग काढला. प्रत्येक मृत्यूमागे त्याच वयाची, त्याच आसपासच्या वस्तीतली चार माणसं, अशी २,९१६ जणांची माहिती घेतली. घरच्यांना विचारलं की दारू किती प्यायला होता, आदल्या दोन दिवसांत अंग मोडेस्तोवर व्यायाम केला होता का, कोरोनाने दवाखान्यात होता का, घरात आधी असं कोणी गेलंय का. या सगळ्या गोष्टींचा मृत्यूशी संबंध दिसला. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी निघाला. ग्रुपवर मात्र कोणी तरी लगेच लिहिलं, ‘हे आकडे कोणी पाहिलेत?’ प्रश्न अगदी रास्त आहे. मे २०२० मध्ये तो आपल्याला वेळेवर विचारला गेला असता तर!

असो. एकच विनंती आहे. ९६,०३२ जणांपैकी कोणाही एकाचा केसपेपर पाठवून द्यावा. नाव खोडलेलं चालेल, रुग्णालय कोणत्याही खंडातलं चालेल, चुकून ऑस्ट्रेलियात गेलेलं असलं तर उत्तमच.

कळावे,
आपला एक वाचक

ता. क. : पोस्टेज आम्ही भरू.