पिवळा म्हणजे कुठला पिवळा?

सर जिना चढत असतानाच रसायनशास्त्र विभागाला कळतं. कार्बन डायसल्फाइडचा वास त्यांच्या आधी वर पोचतो. घरी काकू त्यांचे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवतात.

सरांचा ध्यास एकच: अँटिमनीला गंधकवाल्या रेणूंच्या चिमट्यात धरायचं आणि रंग बघायचा. अमाइन बर्फात ठेवून कार्बन डायसल्फाइड थेंबाथेंबाने सोडायचं, डायथायोकार्बामेट तयार झालं की मेथनॉलमधून अँटिमनी ट्रायक्लोराइड. कुणी ओला बीकर घेतला तर सगळं दुधाळ. "पाणी शिरलं!" सर व्हरांड्यातूनच ओरडतात. जमलं, तर परीक्षानळी खिडकीशी नेऊन एक डोळा मिटतात. "पिवळा आला सर," एवढ्यावर सुटका नाही. "पिवळा म्हणजे कुठला पिवळा? हळदीचा? हरताळाचा?"

तोंडी परीक्षेत प्रश्न ठरलेला, रंग कशामुळे? पोरं ठोकून देतात, "डी-डी ट्रान्झिशन." सर कपाळावर हात मारतात. "अरे, अँटिमनीचं डी भरलेलंय! दहाच्या दहा! उडी मारायची कुणी आणि कुठे?" मग त्याच पोरासाठी चहा मागवून समजावत बसतात. गंधकाकडची इलेक्ट्रॉनची पुंजी अँटिमनीकडे सरकते, त्यात निळा-जांभळा प्रकाश खर्ची पडतो, उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. मागे परीक्षेला आलेली पोरं रांगेत ताटकळतात.

या रंगामागची ऊर्जेची दरी, म्हणजे बँड गॅप, आलेखावरून काढायला टाउक प्लॉट. टाउक आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली स्फटिकरूप नसलेल्या जर्मेनियमसाठी वापरलेली ही रीत. शेजारी संगणक असूनही सर आलेखावर पट्टी ठेवूनच रेघ ओढायला लावतात. पट्टी केसभर कलली की २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचे २.६ होतात, आणि सरांना २.५ फार आवडतो. म्हणून पट्टी विद्यार्थ्याच्या हातात. "तू ओढ बाबा. माझा हात मोहात पडतो."

घरीही तेच. साडीच्या दुकानात काकूंनी लिंबू रंग उचलला, तर हे पुटपुटले, "१२४० भागिले ५००, म्हणजे २.४८ इलेक्ट्रॉन व्होल्ट." काकूंनी शांतपणे मोरपंखी घेतली.

परवा घराला रंग द्यायचं काढलं. रंगाऱ्याने विचारलं, पिवळा कुठला देऊ? आयुष्यात पहिल्यांदाच योग्य प्रश्न विचारणारा माणूस भेटला म्हणून सर हरखले. "साधारण ४५० नॅनोमीटरला शोषणारा."

रंगारी म्हणाला, "साहेब, लिटरमध्ये सांगा."