नव्या ड्रायव्हरास शेठचे अनावृत पत्र

चि. नव्या ड्रायव्हरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या कळंबोलीत सध्या गाड्या आहेत, माल आहे, चालवायला माणूस नाही. तरणी पोरं दुचाकीवरून पिझ्झा पोचवतील, पण दिल्लीची खेप म्हटली की अंग चोरतात. देश बघायची हौसच उरली नाही कुणाला. तू आलास, बरं वाटलं.

लायसन्स झालंय ना? आधी वर्षभर हलक्या गाडीचं, मग अवजड. पूर्वी आठवी पासची अट होती, तीही सरकारने २०१९ साली काढली. उत्तम झालं. वाचायची सवय नसलेला ड्रायव्हर कायदा उघडून बसत नाही, मग तो १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा असो की २०२५ साली त्याच्या जागी आलेली संहिता. जुन्या कायद्यात लिहिलं होतं : दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, आणि सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती. आता तूच हिशेब कर. न्हावा शेवा ते दिल्ली साधारण १४०० किलोमीटर. भरलेली गाडी, घाट, टोल, शहराबाहेरची कोंडी धरून ताशी ४० पडले, तर ३५ तास स्टिअरिंगवर. कायद्याने गेलास तर पाचव्या दिवशी पोचशील. पार्टीला मी तिसऱ्या दिवसाचा शब्द दिलेला असतो, आणि आमच्या घराण्यात शब्द मोडत नाहीत.

झोप जरूर घे, मी काही राक्षस नाही. फक्त एक डोळा टाकीवर ठेव. हायवेच्या कडेला गाडी लावली की रात्री पाइप आणि कॅन घेऊन माणसं येतात. गेलेलं डिझेल तुझ्या पगारातून कापलं जाईल. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. आपली गाडी त्याआधीची. मे महिन्यात राजस्थानात काच खाली घे, वारा फुकट आहे.

आता मुद्द्याचं, म्हणजे डिझेलचं. दर खेपेला मी लिटर मोजून देतो. वाचलं ते तुझं, कमी पडलं तेही तुझंच. जुने ड्रायव्हर वाचवतात कसं, हे मी कधी विचारत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच जातो. तिथे न्यूट्रल मारून गाडी सोडून देतात. कुणी तर इंजिनही बंद करतं. गिअर काढला की इंजिनची ओढ संपते, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसरही थांबतो, ब्रेक मारावा तशी हवा संपत जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या उतारावर एका अवजड गाडीने बरीच वाहनं ठोकली. मी फार हळहळलो. लिटरचा हिशेब मात्र तोच ठेवला. दुसऱ्या दिवशी पेपरात चालकाचा ताबा सुटला असं येतं. मालक खेपेला किती डिझेल देत होता, हे छापायला जागा नसते. पत्रकार मंडळींचा मी ऋणी आहे.

माल खाली करायला गोदामाबाहेर दोन-दोन दिवस लागतात. त्याचं हॉल्टिंग मी पार्टीशी भांडून वसूल करतो. त्यात तुझा वाटा नाही. उभी गाडी होती, तू तर नुसता बसला होतास.

संपाबिंपाच्या नादी लागू नकोस. नव्या न्याय संहितेत, अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. लगेच पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि देशाला तुमची आठवण झाली. जुलैत संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं. थांबलास तर जमाव झोडपतो, हा भाग कुठल्याच कलमात नाही. तो तुझा तू बघ.

लग्नाचं मात्र माझ्याकडे काही चालत नाही. ड्रायव्हर म्हटल्यावर मुलीकडचे चहासुद्धा अर्धा कप देतात. बायोडाट्यात ‘लॉजिस्टिक्समध्ये नोकरी’ असं लिही. माझा मुलगा त्यातच एमबीए करतोय. गाडीचं जीपीएस त्याच्या मोबाइलवर आहे. तू अर्धा तास थांबलास की त्याचा फोन येईल, उचलत जा.

सोमवारी ये. मूळ लायसन्स ऑफिसात जमा राहील. तुझ्या मोबाइलमधलं पोलिसांना चालतं.

तुझा हितचिंतक,
शेठ

ता. क. : क्लीनर मिळणार नाही. त्याचा पगार वाचवला आहे. ताडपत्री बांधणं, टायर बदलणं, रिव्हर्स घेताना मागे उतरून बघणं, हे तुझंच.