धंतोलीतील शीतोपासक

नागपूरच्या धंतोलीत, जेथे डॉक्टर-वकिलांच्या जुन्या बंगल्यांच्या जागी आता रुग्णालये उभी आहेत, अद्याप न विकल्या गेलेल्या एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये कॉन्टेसा आणि तिचा मालक दोघेही सुस्थितीत आढळतात. हिंदुस्थान मोटर्सने 1984 मध्ये आणलेल्या या गाडीला पुढे इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन लाभले, आणि अँबेसेडरच्या जमान्यात ते इतके चपळ ठरले की मालकाने स्वतःस शर्यतपटू मानावे. 2002 मध्ये उत्पादन थांबले, रुबाब थांबला नाही.

या गृहस्थाचा खरा व्यासंग वेगाचा नसून उष्णतेचा असतो. पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग रेडिएटरच्या पाण्याला वाहून न्यावा लागतो, हे तो पाहुण्यांना चहाआधी सांगतो. रेडिएटरचे झाकण पाण्यावर दाब राखते, म्हणून ते 100 अंशांवरही उकळत नाही, हे चहानंतर. पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील अंतरावर सारे शीतकरण अवलंबून असल्याने, 23 मे 2013 रोजी 47.9 अंश पाहिलेल्या या शहरात त्याची चिंता सर्वस्वी पोकळ नाही, हेही मान्य केले पाहिजे.

घरच्या कूलरला बोअरचे पाणी चालते, गाडीला मात्र मोजून कूलंट मिसळलेले डिस्टिल्ड पाणीच लागते, कारण जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचून उष्णता अडवतात. वाळ्याच्या ताट्यांवर चढलेला पांढरा थर पत्नी तक्रार म्हणून दाखवते. तो पुरावा म्हणून पाहतो. मेकॅनिकशी त्याचे वैर थर्मोस्टॅटवरून, म्हणजे पाणी ठरावीक तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेवरून, असते. "भाऊ, काढून फेका ना ते, उन्हाळ्यात काय काम त्याचं?" या सल्ल्यावर तो, काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यास पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळूनच परत फिरतो, असे व्याख्यान देतो, आणि येथे शास्त्र त्याच्या बाजूचे असते.

खरी कसोटी रुग्णालयांच्या भेटीच्या वेळी लागते. बेल्टवर फिरणारा पंखा इंजिनाच्या गतीनेच फिरत असल्याने गर्दीत तो मंदावतो, समोरून वारा मिळत नाही, आणि काटा लाल पट्टीकडे सरकू लागतो. तेव्हा तो एसी बंद करून हीटर पूर्ण सोडतो. हीटर हा स्वतः एक लहान रेडिएटरच असल्याने इंजिनाची काही उष्णता आतल्या माणसांकडे वळते. भर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापल्या दिवसांत, पदराने घाम पुसणाऱ्या पत्नीला तो "काटा उतरला बघ" असे सांगतो, आणि काटा खरोखरच उतरलेला असतो.

असा गृहस्थ यशवंत स्टेडियमजवळ बॉनेट उघडून उभा दिसल्यास वाचकांनी त्यास सावली द्यावी, गरम रेडिएटरचे झाकण उघडण्यास मदत मुळीच करू नये, आणि "काऊन तापली?" हा प्रश्न तर, घरी लवकर पोहोचायचे असल्यास, विचारूच नये.